जावयाच्या हातावरचे फोड

फ्लोरिस नॉर्टियेच्या हातावरचा पहिला फोड त्याच्या सासूने पाहिला, तोही जेवणाआधीची प्रार्थना चालू असताना. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. हेस्टर ग्रोब्लर मात्र प्रार्थनेत एक डोळा उघडा ठेवत असे. बाकीचे खरंच डोळे मिटतात की नाही हे कोणीतरी बघायला हवं, असं तिचं म्हणणं होतं. त्या रविवारी तिला टेबलाच्या पलीकडे जावयाचे जोडलेले हात दिसले आणि उजव्या हाताच्या पाठीवर, करंगळीच्या मुळाशी, वाटाण्याएवढा टपोरा फोड दिसला.

'आमेन' झालं. कोणी काटा उचलायच्या आत ती म्हणाली, "फ्लोरिस, तो हात इकडे कर."

"काही नाही मा. पंपाला घासला असेल."

"घासलं की खरचटतं. हा पाण्याने भरलाय."

बायको आलेटाने वाकून पाहिलं. मेहुणा गावी याने पाहिलं. मग तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि समोरचं भाजलेलं मटण थंड व्हायला लागलं.

ग्रोब्लरांच्या घरात फोड ही साधी गोष्ट नव्हती. डॉक्टर त्या रोगाला पॉर्फिरिया म्हणतात. आमच्या लांगक्लूफच्या खोऱ्यात त्याला नुसतं 'ग्रोब्लरांची कातडी' म्हणतात. ऊन लागलं की हातांच्या पाठीवर फोड येतात, ते फुटतात, भरतात, आणि मागे पांढुरके व्रण ठेवून जातात. दाराची कडी नुसती लागली तरी कातडी ओल्या कागदासारखी सुटते. जानेवारीत, म्हणजे आमच्या भर उन्हाळ्यात, सफरचंदाच्या बागेत कोणी लांब बाह्या, रुंद टोपी आणि सुती हातमोजे घालून उभा असेल तर तो ग्रोब्लर, हे खोऱ्यातल्या कुत्र्यांनाही माहीत होतं.

पण कातडी हे निम्मंच दुखणं. खरी भीती औषधांची. चुकीची गोळी पोटात गेली की या लोकांच्या आतड्यांना पीळ पडतो, हातपाय लुळे होतात आणि शेवटी श्वासही थांबतो. हेस्टरचा नवरा बारेंड असाच गेला. साध्या हर्नियासाठी चालत इस्पितळात शिरला, झोपेचं कसलंसं इंजेक्शन दिलं गेलं, आणि तो बाहेर आला तो पेटीतून. त्याला आता खूप वर्षं झाली. तेव्हापासून हेस्टरच्या घरात गोळी म्हणजे साप. पाहुण्यांपैकी कोणाचं डोकं दुखलं तर त्याने फाटकाबाहेर जाऊन, रस्त्यावर उभं राहून गोळी घ्यायची. स्वतः हेस्टर दुसऱ्या घरातून आलेली. तिची कातडी खोगिरासारखी टणक होती. पण नवऱ्याचा रोग तिने मुलांमध्ये असा जपला होता, जसा दुसऱ्या घरी चांदीचा चहाचा संच जपतात.

या घरात फ्लोरिस जावई म्हणून आला त्याला पाव शतक होत आलं होतं. शेतावरचे पंप विकायचा आणि दुरुस्त करायचा. गावी त्याला अजून 'पंपवाला' म्हणत असे, आणि तेही त्याच्याशी बोलायची वेळ आलीच तर.

आता गोष्ट अशी की फ्लोरिसचा गुडघा दुखत होता. पंपांच्या खड्ड्यांत वाकून वाकून तो कामातून गेला होता. त्याची आई मिमी गावातल्या वृद्धाश्रमात असायची. तिला सांध्यांसाठी गोळ्या मिळत. एकदा तिने आपली अख्खी डबी त्याच्या खिशात कोंबली. "घे. मला काही फरक पडत नाही त्यांनी. तुला तरी पडू दे." फरक पडला. फ्लोरिसला पायऱ्या चढता यायला लागल्या. पण घरात हे सांगणार कोण? गोळी म्हटलं की आलेटाच्या डोळ्यांसमोर बापाची पेटी यायची. म्हणून डबी पंपाच्या अवजारांच्या पेटीत, रबरी चकत्यांच्या खाली राहिली. तो सकाळी एक घ्यायचा, संध्याकाळी एक, आणि दिवसभर उन्हात पंप उघडून बसायचा. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे त्याच्या स्वप्नातही आलं नाही.

जेवण कसंबसं उरकलं. मटण थंड आणि कोरडं झालं होतं, म्हणून फ्लोरिसने बीटच्या कोशिंबिरीवर भर दिला. कोणी बोलत नव्हतं, त्यामुळे त्याने आणखी घेतली. बोलण्यासारखं काही नसलं की तो खात असे.

दुपारची कॉफी झाल्यावर हेस्टरने जर्दाळूच्या मुरंब्याची रिकामी बाटली धुऊन त्याच्या हातात दिली. "जा."

"कुठे, मा?"

"कुठे म्हणजे? या बाटलीत काय घालतात ते तुला चर्चमध्ये विचारायचंय का?"

ही ग्रोब्लरांची घरगुती तपासणी होती. बाटली स्वयंपाकघराच्या खिडकीत उन्हात ठेवायची. रोग असेल तर आतला रंग चढत चढत लाल दारूसारखा होतो. बारेंडची झाली होती, गावीची झाली होती, आलेटाची ती बारा वर्षांची असताना झाली होती. फ्लोरिस न्हाणीघरात गेला, परत आला, आणि त्याने चोरासारखी बाटली टेबलावर ठेवली.

हेस्टरने ती उजेडात धरली. तिला खिडकीपर्यंत जावंच लागलं नाही.

"आधीच लाल!" ती पुटपुटली. "बारेंडचीसुद्धा इतकी लाल कधी झाली नव्हती."

गावीने खुर्ची मागे सारली. "म्हणजे याला आपला रोग आहे?"

"आहे."

"पण हा तर नॉर्टिये आहे. आपला रोग काय सर्दी आहे, एका टेबलावर बसून लागायला?"

"हा रोग वाऱ्याने येत नाही, गावी. रक्तातून येतो." हेस्टर खाली बसली. "आणि या खोऱ्यात तो एकाच रक्तात आहे."

तिघांच्याही मनात एकाच वेळी गणित सुरू झालं. ते सर्वांत आधी सुटलं गावीचं, कारण त्याला तोंड बंद ठेवायची सवय नव्हती. "याची आई पपांच्या शेडमध्ये सफरचंदं भरायला यायची ना? तिच्या लग्नाच्या आसपास?"

"त्या हंगामात तू माझ्या पोटात होतास," हेस्टर म्हणाली. "मला ओकाऱ्या होत होत्या. मी महिना महिना शेडकडे फिरकले नव्हते."

आलेटा उठली, नवऱ्याच्या ताटाजवळचा चमचा उचलला, परत ठेवला, आणि म्हणाली, "मग मी इतकी वर्षं कोणाबरोबर राहतेय?"

फ्लोरिसने बायकोकडे पाहिलं. तिचं नाक बारेंडसारखं होतं. नकळत त्याचा हात स्वतःच्या नाकाकडे गेला, आणि ते पाहून आलेटा किंचाळली.

त्या रविवारनंतर हेस्टरच्या आणि फ्लोरिसच्या, दोन्ही घरांत उजेड कमी झाल्यासारखं झालं. आलेटाने आपली उशी शिवणाच्या खोलीत नेली. जेवताना ती त्याच्यापुढे ताट ठेवायची ते भिंतीकडे बघत. पर्थला असलेल्या मुलीचा फोन आला की दोघं एका फोनजवळ उभे राहून "इकडे सगळं छान" असं आळीपाळीने म्हणायचे, आणि फोन ठेवला की आपापल्या खोलीत जायचे. एकदा तिने दारातूनच विचारलं, "तुझ्या वडलांना बीअर आवडायची का रे?"

"कोणत्या वडलांना?" फ्लोरिसच्या तोंडून निघून गेलं. आलेटाने दार लावून घेतलं.

हेस्टरचं दुःख वेगळं होतं. बैठकीच्या भिंतीवर बारेंडचा मोठा फोटो होता. तो तिने उतरवून पिठाच्या कोठीमागे ठेवला. दर शनिवारी ती त्याच्या थडग्यावर फुलं घेऊन जायची. त्या शनिवारी ती गेली, पण रिकाम्या हाताने, आणि दगडासमोर उभं राहून एवढ्या मोठ्याने बोलली की पलीकडच्या रांगेत गवत कापणारा माणूस यंत्र बंद करून निघून गेला. "मी तुझ्या मुलांना औषधांपासून वाचवत बसले," ती म्हणत होती. "आणि तू शेडमध्ये होतास!"

आश्चर्य म्हणजे या सगळ्यात एका माणसाचं बरं चाललं होतं. तो माणूस गावी. त्याची बायको त्याला सोडून गेली होती, मूलबाळ नव्हतं. उन्हं कलल्यावरच घराबाहेर पडायचं, म्हणून त्याला मित्रही नव्हते. एका संध्याकाळी तो फ्लोरिसच्या दारात आला. हातात एक रुंद टोपी, दोन जोड हातमोजे आणि जस्ताच्या मलमाची डबी.

"फोड आपण होऊन फोडायचा नाही," तो म्हणाला. "फुटलाच तर वरची कातडी काढायची नाही. आणि गाडी चालवताना मोजे घाल. काचेतूनही ऊन लागतं."

"थँक्यू, गावी."

गावी जायला वळला, थांबला. "मला लहानपणी भाऊ हवा होता," तो बुटांकडे बघत म्हणाला. "मा म्हणायची, बहीण मिळालीय त्यात भागव." मग त्याने फ्लोरिसच्या पाठीवर हात ठेवला, अगदी हलका, दोघांपैकी कोणाचीच कातडी निघू नये असा. फ्लोरिस लग्नापासून या क्षणाची वाट बघत होता. तो असा आणि या कारणाने यावा, याचं त्याला रडू येत होतं.

धर्मगुरूंना बातमी कळली. हेस्टरनेच सांगितली, ते कुटुंबासाठी प्रार्थना करायला आले आणि त्यांनी सर्वांना गुडघे टेकायला लावले. फ्लोरिसच्या पापाचा प्रश्न नव्हता, पण त्याच्या जन्मामागचं पाप मोठं असल्यामुळे प्रार्थना लांबली. उठताना गुडघ्यात अशी कळ आली की त्याने अवजारांच्या पेटीतून एकाऐवजी दोन गोळ्या घेतल्या. पुढेही दोनच घ्यायला लागला. आठवड्याभरात डाव्या हातावर तीन फोड आले, उजव्यावर आणखी दोन, आणि नाकाच्या शेंड्यावर एक.

"बघा," हेस्टर म्हणाली. "रक्त लपत नाही."

शेवटी एका सकाळी ती काळा पोशाख चढवून फ्लोरिसच्या गाडीत येऊन बसली. "चल. तुझ्या आईकडे."

वृद्धाश्रमाच्या व्हरांड्यात मिमी नॉर्टिये विणत बसली होती. शेजारी तीन म्हाताऱ्या ओळीने, रस्क कॉफीत बुडवून खात होत्या. हेस्टर खुर्चीवर बसली नाही.

"मिमी नॉर्टिये, मी सरळ विचारते. माझ्या नवऱ्याशी तुमचं काही होतं का?"

म्हाताऱ्यांचे रस्क कपात विरघळायला लागले. मिमीने सुया मांडीवर ठेवल्या. या व्हरांड्यात तिला कोणी प्रश्न विचारून जमाना झाला होता. विचारलाच तर 'पोट साफ झालं का' एवढाच.

"बारेंड..." ती हळूच म्हणाली. "केस काय सुंदर होते गं त्याचे."

"होतं की नव्हतं?"

"अगं हेस्टर, अशा गोष्टी बाईमाणसाने चारचौघांत कशा सांगायच्या?"

"आई!" फ्लोरिस पुढे झाला. "नाही म्हण ना सरळ!"

"तू मध्ये बोलू नकोस. आम्ही तुझ्या जन्माआधीचं बोलतोय."

हेस्टर वळली आणि काठी आपटत गाडीकडे गेली. तिची पाठ ताठ होती, पण गाडीचं दार तिला दोनदा ओढूनही उघडेना. फ्लोरिस आईपुढे गुडघ्यावर बसायला गेला आणि कळवळला.

"गुडघा अजून दुखतो?" मिमीने पिशवीत हात घातला. "ही घे दुसरी डबी. इथे नवीन आल्यात." तेवढ्यात परिचारिका मिमीची चाकांची खुर्ची ढकलायला आली. म्हाताऱ्यांनी आपल्यात जागा केली आणि मिमीला मधोमध घेतलं. फ्लोरिसला विचारायचं होतं ते राहूनच गेलं.

त्या भेटीनंतर आलेटाने ठरवलं. "मला डॉक्टरच्या तोंडून ऐकायचंय, मी तुझी बायको आहे की बहीण. मग काय करायचं ते बघू."

जिल्ह्याच्या दवाखान्यात डॉक्टर मायेकिसो नव्याने आल्या होत्या. त्या बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या. हेस्टर आणि गावीही सोबत आले होते, कारण या घरातली माणसं डॉक्टरकडे एकटी जात नसत. डॉक्टरांनी फ्लोरिसचे हात उलटसुलट पाहिले, नाक पाहिलं.

"काही औषधं घेता?"

फ्लोरिसने सासूकडे पाहिलं. सासूने त्याच्याकडे पाहिलं.

"छे," तो म्हणाला.

"दुखण्यावरची, लघवी सुटायची, पुरळावरची, कसलीही?"

"आमच्या घरात गोळी येत नाही, डॉक्टर," हेस्टर म्हणाली. "आणि हवं तर मी बाटलीही आणली आहे."

तिने पिशवीतून खरोखरच बाटली काढली. डॉक्टरांनी ती हातात न घेता नुसती पाहिली. "ही कधीची?"

"त्या रविवारची. मुद्दाम ठेवली."

"त्या दिवशी जेवायला काय होतं?"

हे प्रकरण कुठे चाललंय ते कोणालाच कळेना. "मटण," गावी म्हणाला. "बटाटे. भोपळा. बीटची कोशिंबीर."

"बीट खाल्लं की काही लोकांची लघवी लाल होते," डॉक्टर म्हणाल्या. "त्यासाठी कुठलाच रोग असावा लागत नाही."

मग आलेटाने अगदी बारीक आवाजात विचारलं, "कोणाचीही?"

"बऱ्याच जणांची." डॉक्टरांनी तिच्याकडे, तिच्या मनगटापर्यंतच्या बाह्यांकडे आणि मोज्यांकडे पाहिलं. "तुमच्या हातांवर कधी फोड आलेत?"

"मी उन्हात गेलेच नाही."

"कधीच?"

"बारा वर्षांची असल्यापासून नाही."

डॉक्टरांनी फ्लोरिसचं रक्त घेतलं, आलेटाचं घेतलं, आणि गावीचंही घेतलं. नमुने केपटाउनला जाणार होते. तेवढे दिवस वाट बघण्याशिवाय काही करण्यासारखं नव्हतं, आणि वाट बघताना फ्लोरिसचा गुडघा जास्त दुखायचा.

निकाल आला तेव्हा डॉक्टरांनी आधी फ्लोरिसला एकट्याला आत बोलावलं. दार लावलं. "तुम्हाला पॉर्फिरिया नाही. रक्त स्वच्छ आहे. पण हे फोड हुबेहूब तसेच आहेत, आणि असे फोड काही गोळ्यांनीही येतात. ऊन आणि गोळी एकत्र आली की कातडी तशीच फुटते. आता तुमची सासू बाहेर आहे. पुन्हा विचारते."

फ्लोरिसने खाली मान घातली. मग अवजारांच्या पेटीबद्दल सांगितलं, रबरी चकत्यांखालच्या डबीबद्दल सांगितलं, धर्मगुरूंच्या प्रार्थनेनंतर दोन दोन घेतल्याचंही सांगितलं. डॉक्टरांनी गोळीचं नाव विचारलं. त्याने सांगितलं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "याच गोळीने येतात."

"म्हणजे मी बारेंडचा नाही?"

"तुम्ही एका डबीचे रुग्ण आहात."

मग बाकीच्यांना आत घेतलं. हेस्टरने सगळं उभ्यानेच ऐकलं. ऐकून झाल्यावर ती जावयावर ओरडली नाही, हे सर्वांना विचित्र वाटलं. ती मोडल्यासारखी खुर्चीत बसली.

"मी त्याला थडग्यासमोर काय काय बोलले," ती म्हणाली. "माझ्या तोंडात कधी आले नाहीत ते शब्द वापरले. आणि तो बिचारा नेहमीसारखा ऐकून घेत होता."

"मा, त्याने ऐकलं नसेल," गावी म्हणाला.

"तू गप्प बस. शेडचं तूच काढलंस." मग तिने डोळे पुसले. "जाताना फुलवाल्याकडे थांबायचंय. मोठा गुच्छ घ्यायचा."

गावी मान हलवत राहिला. थोड्या वेळाने फ्लोरिसकडे न बघता म्हणाला, "म्हणजे तू भाऊ नाहीस."

"नाही."

"टोपी ठेव पण. तुला लागेल." आणि मग डॉक्टरांना विचारलं, "बहिणीचं काय? तिचं तरी आमच्यासारखंच आहे ना?"

डॉक्टर मायेकिसोंनी आलेटासमोरच्या खुर्चीत बसून घेतलं. हा निकाल उभ्याने सांगण्यासारखा नव्हता. "तुमच्या भावाला आहे. तुम्हाला नाही," त्या म्हणाल्या. "कधी नव्हताच."

आलेटाने मोजे घातलेले हात मांडीवर ठेवले होते. तिने ते उलटे केले, सरळ केले. शाळेच्या सहली, मैत्रिणींची लग्नं, मुलीला पोहायला शिकवताना काठावरच्या छत्रीखालून ओरडलेल्या सूचना, हे सगळं तिच्या चेहऱ्यावरून सावकाश सरकत गेल्यासारखं दिसलं. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. तिला ते येत नव्हतं.

"मा," ती शेवटी म्हणाली, "मी बारा वर्षांची होते त्या दिवशी आपण काय जेवलो होतो?"

हेस्टर आपल्या पिशवीचं तोंड घट्ट आवळत राहिली. गावी खिडकीतून बाहेर बघत उभा राहिला. या आजारात आता त्याच्यासोबत कोणीच उरलं नव्हतं.

त्याच दुपारी फ्लोरिस वृद्धाश्रमात गेला आणि आईला सगळं सांगून गोळ्यांची डबी परत केली. मिमीने ओठांना लालसर रंग लावला होता. तो ऐकता ऐकता तिने रुमालाने पुसून टाकला.

"आई, खरं सांग. बारेंड आणि तू..."

"एकदा नाचायला विचारलं होतं त्याने. माझ्या पायावर पाय दिला, माफी मागितली आणि निघून गेला." तिने विणकाम उचललं. "तुझा बाप तुझाच बाप होता. बस चालवायचा, आला की घोरायचा. माझ्या आयुष्यात दुसरं काही झालंच नाही रे. यांनी मला मध्ये बसवलं होतं, तर तू पुरावा घेऊन आलास." पलीकडून म्हाताऱ्या कान देऊन होत्या. मिमीने आवाज खाली आणला. "त्यांना एवढ्यात सांगू नकोस. निदान नाताळपर्यंत."

त्याने सांगितलं नाही.

आलेटा त्या रात्री शिवणाच्या खोलीतून उशी घेऊन परत आली, आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. सकाळी मात्र ती कॉफीचा थर्मास भरून दारात उभी होती. "समुद्रावर ने."

डोंगर ओलांडून दोघं खाली किनाऱ्यावर आले. फ्लोरिसने गावीची टोपी घातली होती, कानांवर रुमाल बांधला होता, आणि हातांत आलेटाचे सुती मोजे होते. त्याचे स्वतःचे फुटलेल्या फोडांनी खराब झाले होते. डॉक्टरांनी त्याला बजावून सांगितलं होतं की गोळ्या बंद केल्या तरी कातडीला अजून बरेच महिने ऊन सोसणार नाही, काचेतूनसुद्धा नाही. त्याने गाडी झाडाच्या सावलीत लावली आणि आतच बसून राहिला.

आलेटाने बूट काढले, मग पायमोजे काढले. कोपरापर्यंत बाह्या दुमडायला तिला बराच वेळ लागला, कारण बटणं कधी सोडलेलीच नव्हती. तिचे हात पिठासारखे पांढरे होते. ती वाळूवर गेली आणि पाण्याच्या कडेला, भर उन्हात, नुसती उभी राहिली. येणारेजाणारे तिच्याकडे बघत होते, पण तिला ते दिसत नव्हते. फ्लोरिस काचेमागून बघत राहिला. मध्ये एकदा तिला हाक मारावी असं त्याला वाटलं, पण काय म्हणून मारावी ते सुचलं नाही.

बऱ्याच वेळाने ती परत आली. नाक लाल झालं होतं, हात लाल झाले होते, मानेवर कॉलरची रेघ उमटली होती. तिने खिडकीत वाकून दोन्ही हात त्याच्यापुढे धरले. आवाजात जुनी भीती होती.

"फ्लोरिस, भाजतंय."

"भाजणारच. सगळ्यांनाच भाजतं."

"सगळ्यांना?"

"हो."

ती थोडा वेळ आपल्या लाल हातांकडे बघत राहिली. मग थर्मासमधली कॉफीसुद्धा न घेता वळली, आणि पुन्हा उन्हात निघून गेली.